आवाज आला का?

पुंडलिकनगरचा आमचा मेकॅनिक पान्याआधी प्रश्न काढतो. करमाडच्या वाटेवर माझी मोटारसायकल रोज बंद पडायची आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू व्हायची. सगळे म्हणाले, पेट्रोल खराब.

"मग ते दहा मिनिटांत चांगलं कसं होतं, सर?" त्यानं विचारलं. "टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय, आत हवा लवकर जात नाय, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाय; दहा मिनिटांत थोडी हवा शिरते. बंद पडली की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज येईल. नाय आला तर मी चुकलो."

"आत्ताच साफ करा ना!"

"आधी खरं-खोटं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. झाकण उघडून किक मारली आणि त्याला फोन लावला, "चालू झाली!"

"ते ऱ्हाऊ द्या. आवाज आला का?"

"आला!" भर जालना रोडवर मी ओरडलो.

"मग या. आता साफ करतो."