भिंगावाचून चाललेला संसार

डोळ्यांचा विषय निघाला आणि आमचे काका गप्प राहिले, असं उभ्या मावळात कधी घडलेलं नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आयुष्यभर तळेगावात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर लोणावळ्यात घर केलं. समुद्र घाटाखाली राहिला, पण काकांनी काही त्याला सोडलं नाही. बाजारात एकेका बांगड्याच्या डोळ्यात ते इतका वेळ बघत, की मासळीवाली आक्का एकदा म्हणाली, "सर, मासा घेताय का जावई बघताय?" घरी कालवणातल्या माशाच्या डोळ्यातली पांढरी गोटी ताटाच्या कडेला ठेवून व्याख्यान सुरू होई. "डोळ्याच्या पुढच्या काचेचा बाक पाण्यात निकामी. सगळा भार भिंगावर, म्हणून ते असं गोल गरगरीत. जवळचं-लांबचं बघायला ते पुढंमागं सरकतं." मावशी म्हणे, "सरकू दे. तुम्ही जेवा."

पण त्यांचा खरा लाडका नॉटिलस, शंखात राहणारा, माकुळाचा म्हणजे स्क्विडचा चुलतभाऊ. त्याच्या डोळ्याला भिंगच नाही. नुसतं बारीक भोक, त्यातून उजेड आत जातो आणि मागच्या पडद्यावर अंधूक, उलटं चित्र उमटतं. मोतीबिंदू पिकत चालला तेव्हा या प्राण्यानंच काकांना बिघडवलं. ऑपरेशनला ते मनातून घाबरत होते, हे आम्हाला कळत होतं. पण कबूल करतील तर ते काका कसले! पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून ते डोळ्याला लावत. "कोट्यवधी वर्षं त्याचं भिंगावाचून अडलं नाही, माझं काय अडतंय?"

टाकवे बुद्रुकला एका लग्नात त्यांनी नवरानवरीही पुठ्ठ्यातूनच पाहिली. नवरीचे आजोबा कासावीस झाले. "आवो, फोटूवाला सांगितलाय आमी! तुमी कशाला तरास घेताय?" सगळे हसले, काकाही हसले. जेवणं झाल्यावर मात्र पुठ्ठा खिशात ठेवून ते एका परक्याच बाईंना म्हणाले, "चल गं, निघू या." मावशी मागेच उभी होती. तिनं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "नॉटिलसला बायको ओळखावी लागत नाही." त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

पट्टी काढली तेव्हा मी तिथं होतो. काका मावशीकडे बघत राहिले.

"हे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही भोकातून बघत होतात तेव्हा," मावशी म्हणाली.

त्यावर काकांना एकही प्राणी आठवला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.