कंपनीचा वानोळा

आमच्या काकांची शीळ वाटूरला सुटली की शहागडचे बैल गोदावरीत तोंड घालायचे. मधलं अंतर विचारू नका. बैलांनी कधी विचारलं नाही. बैलाला पाणी पाजताना घालतात तशी ती साधीच शीळ, पण तहान नसलेलं जनावरही काकांच्या भिडेखातर दोन घोट घ्यायचं.

मग काकांना लकवा मारला. हातपाय हळूहळू कामाला लागले, तोंड मात्र डावीकडं कललं ते कललंच. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज बोलतं ठेवा, फुंकर मारायला लावा, शीळ घालायला लावा, नाहीतर वाचा कायमची जाईल. पण आपलं बोबडं ऐकून कुणी हसेल, या धाकानं काकांनी ओठच शिवून टाकले. काकी विनवायची, चिडायची. काका भिंतीकडं तोंड फिरवायचे.

त्यांचा जीव रमावा म्हणून मी टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. त्याच्यासोबत एका जगभर पसरलेल्या कंपनीचे सिनेमे तीन महिने फुकट आले.

"फुकट? काहून?" काकीनं विचारलं.

"काकी, ही त्यांची लांबची चाल असते. आधी चाखायला द्यायचं, मग सवय लावायची, मग..." कंपनीच्या मालकालाही ठाऊक नसेल इतकं मी तिला समजावून सांगितलं.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वानोळा धाडलाय त्यानं."

आता नव्या तुरीच्या शेंगा, हुरडा, पहिली मोसंबी आमच्याकडं आधी शेजारी जाते, तो वानोळा. आणि वानोळ्याचं भांडं रिकामं परत धाडत नसतात. त्या दिवसापासून काकीनं माझा पिच्छाच घेतला.

"अरे, त्या कंपनीला मोसंबी पोचती का?"

"काकी, ती सातासमुद्रापार आहे."

"मंग तिकडं इतके पोरं शिकायला जातेत, दे की कोनाच्या हाती."

मी हसत म्हणालो, "तिकडं फक्त व्हिडिओ जातो. त्यांच्याच दुसऱ्या ॲपवर कुणीही टाकावा."

बोललो आणि फसलो. काकी तडक काकांपुढं जाऊन बसली.

"ऐकलं का? इतके दिवस त्याचे सिनेमे बघून राह्यलो आपण. मोसंबी जात न्हाई म्हणतो ह्यो. तुमची शीळ जाती म्हणे."

काकांनी मान हलवली. नाही.

"ऱ्हाऊ द्या मंग. वाटूरचे लोक फुकटे हायेत, इतकंच कळंल त्याला."

हे मात्र बराबर लागलं. काका काठी टेकत उठले आणि गोठ्यातल्या हौदापाशी गेले. मी फोन धरला. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा थुंकी, ती माझ्या फोनवर. काकी हौदात पाणी ओतत राहिली. तिनं काकांकडं मुद्दाम पाहिलं नाही, बैलाकडं पाहिलं. मग दाराच्या फटीतून वारा यावा तशी एक बारीक, वाकडी शीळ आली.

आजवर मी प्रत्येक गोष्टीला तिखटमीठ लावत आलोय, इथं लावत नाही. ती शीळ रस्त्यापलीकडंसुद्धा गेली नसेल. बैलानं मात्र तोंड पाण्यात घातलं.

व्हिडिओ टाकला. चार दिवसांनी फोनवर निरोप आला: पुढचा व्हिडिओ कधी? हा निरोप मशीन सगळ्यांनाच धाडतं, हे मला माहीत होतं. लोकांनी आपणहून कंपनीची कोठारं भरावी, हीच तर खरी लांबची चाल! ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

"बघा," काकी काकांना म्हणाली, "भांडं परत आलं. आता भरून धाडावं लागंल का न्हाई?"

मी उघडलेलं तोंड मिटलं. असं माझ्या हातून फार कमी वेळा घडतं.

तेव्हापासून काका रोज हौदापाशी, आणि व्हिडिओ काढायला काकीच्या हाती तिचा फोन. तीन महिने सरले आणि कंपनीनं सिनेमांचे पैसे मागितले. काकी भडकलीच. "वानोळ्याचं बिल लावतेत का कुठं?" सिनेमे तिनं बंद करायला लावले. मी विचारलं, मग शीळही बंद करायची का?

"त्यानं रीत सोडली म्हणून आपण बी सोडायची का रं?"

परवा सकाळी गेलो, तर काका ओट्यावर दाढी करून बसलेले. मला पाहून त्यांनी हात पुढं केला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"भां... डं... आन."

लकव्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. काकी फोन आणायला आत गेली. फोन दारामागच्या फळीवरच असतो, पण तिला बाहेर यायला बराच वेळ लागला.