गाडीखालचं प्रवचन

आमच्या भाऊजींना सगळं गाव पानेबुवा म्हणायचं. सोमवार ते शनिवार हातात पाना, रविवारी प्रार्थनाघरात प्रवचन, तेही बिनपगारी. शिक्षण सातवीपर्यंत, त्यातही सहावी दोनदा. मी त्यांची थोरली भावजय. माझे यजमान लवकर गेले, भाऊजींनी लग्न केलं नाही, तेव्हा एकाच घरात आम्ही दोघं तीस वर्षं एकमेकांच्या चुका काढत सुखाने राहिलो.

गॅरेज घराला लागूनच, स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे. ट्रॅक्टर, पंप, मोटरसायकल, काहीही बिघडलं की इथे. भाऊजी पोत्यावर उताणे पडून गाडीखाली सरकायचे आणि तिथेच त्यांचं रविवारचं प्रवचन सुरू व्हायचं. टेबलाशी बसून मला काही सुचत नाही, म्हणायचे. सुचलेला मुद्दा विसरू नये म्हणून तिथेच, गाडीच्या पोटावर खडूने लिहून ठेवायचे. मुद्दा मनासारखा बोलून झाला की त्यापुढे बरोबरची खूण. एकदा एक ट्रॅक्टरवाला शनिवारीच ट्रॅक्टर घेऊन गेला. रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून भाऊजी त्याच्या अंगणात, ट्रॅक्टरखाली, 'क्षमा' कुठे लिहिलंय ते शोधत होते. सदऱ्याचं काय झालं ते धुणारीला विचारा, म्हणजे मला.

मी खिडकीतून ओरडायची, "भाऊजी, हे मागच्या महिन्यात सांगून झालंय!"

"लोकांनी अजून ऐकलंय कुठे, वहिनी? म्हणून परत सांगतो."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नट पान्याने आवळला की भाऊजी त्याच्या शेजारीही खडूने तशीच खूण करायचे. कामं दोन, खडू एक, खूण एक. मी बारा वर्षं हे बघत होते, पण माझ्याही डोक्यात कधी आलं नाही.

दवाखान्याच्या नर्सबाईंकडे जीप होती. लांबलांबच्या वस्त्यांवरची बाळंतपणं बाई त्या जीपच्या जोरावरच करायच्या, आणि गाडी हाकायच्या वाऱ्यासारखी. एका शनिवारी जीप आमच्याकडून दुरुस्त होऊन गेली आणि मंगळवारी ओढ्याजवळच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं वळेचनात. जीप खड्ड्यात गेली. बाई एकट्याच होत्या. त्यांचा उजवा हात मोडला. गाव म्हणालं, चूक बाईंचीच, इतक्या वेगात कोण जातं! दवाखान्याच्या साहेबांनी तर ठरवूनच टाकलं, यापुढे बाईंना गाडी द्यायची नाही.

जीप ओढून आमच्याकडे आणली. भाऊजी खाली सरकले. मग मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीखाली शिरले. त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला. चाकं वळवणारा दांडा लोंबत होता, त्याचा नट कुठेतरी गळून पडला होता. शेजारी खडूने लिहिलं होतं 'धीर', आणि पुढे खूण. तिथे तेवढी एकच खूण होती. नट त्यांनी नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता आणि 'धीर'ची खूण बघून आवळून झालाय असं समजून पुढे सरकले होते.

"हे कोणाला दिसायचंय?" मी म्हणाले. ओलं फडकं मीच आणून दिलं. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी बाईंच्या हाताची नाही, आमच्या घराची काळजी होती. हे बाहेर कळलं तर गाडी कोण आणणार? आणि यांचं प्रवचन तरी कोण ऐकणार?

"वहिनी, हे पुसलं तर बाईंची गाडी जाईल," भाऊजी एवढंच म्हणाले. फडक्याने त्यांनी स्वतःचं कपाळ पुसलं.

रविवारी प्रार्थनाघरात पहिल्याच बाकावर नर्सबाई होत्या, हात गळ्यात बांधलेला. साहेबही होते. पाऊण तासाच्या आत कधी न आटोपणारा हा माणूस त्या दिवशी चार वाक्यं बोलला. "चूक बाईंची नाही. नट मी आवळला नव्हता. प्रवचनाच्या नादात होतो. बाई परत ती जीप चालवत नाहीत तोवर मी इथे उभा राहणार नाही." आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

साहेबांनी जीप बाईंकडेच ठेवली. आमच्या गॅरेजकडे मात्र तीन महिने कोणी फिरकलं नाही. भाऊजींनी जीपचा एकेक नट खोलून पुन्हा बसवला, तोंडातून शब्द न काढता. इतकी वर्षं ज्या बडबडीला मी कावले होते, तिच्यावाचून मला भाजी चिरवेना.

मग एका सकाळी बाई आल्या. हात नुकताच मोकळा झाला होता.

"मिस्त्री, पाना द्या," म्हणाल्या, आणि पोतं ओढून स्वतःच जीपखाली सरकल्या. त्या नुकत्या बऱ्या झालेल्या हाताने एकेक नट आवळून बघितला. बाहेर आल्या तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं.

"बसा."

"मी?"

"मग कोण? आज रविवार ना? वहिनी, तुम्हीही बसा मागे."

ओढ्याचं वळण आलं. अपघातापासून सगळं गाव तिथे गाडी हळू करायचं. बाईंनी केली नाही. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. प्रार्थना करत होते की घाबरले होते, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर मुद्दे माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर लिहिले जाऊ लागले, आणि गाडीखाली तोंड बंद. प्रवचनं जरा पडेलच झाली, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण पुढच्या अठरा वर्षांत त्यांच्या हातचा एकही नट सुटला नाही. गाडी मी पहिल्यांदा त्यांच्याकडेच नेणार, असं बाई सगळ्यांना सांगत फिरल्या, आणि हळूहळू लोकही परत आले.

गेल्या वर्षी भाऊजी गेले. आजारी नव्हते, जेवायला म्हणून हात धुतले आणि गेले. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. दवाखान्याने मोडीत काढलेली ती जीप त्यांनीच घेऊन ठेवली होती. भाऊजींना शेवटचं न्यायला त्या तीच घेऊन आल्या. मी मागे उशाशी बसले. कितीही घासली तरी त्यांची नखं काळीच राहिली होती. मला रडू आवरत नव्हतं.

ओढ्याचं वळण जवळ आलं तशा मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या हळू झाल्या. बाईंनी वेग कमी केला नाही.