हायमास्ट आणि घोडा

आमच्या गावात ज्याला काहीच जमत नाही तो हायमास्ट उभारतो. शाळेचं छत गळू द्या, नाल्या तुंबू द्या. एक उंच खांब रोवला, त्याच्या शेंड्यावर दिव्यांचं कडं बसवलं आणि बुडाशी स्वतःचं नाव रंगवलं, की झाला विकास. मी रिसोडला लग्नाचे फोटो काढतो. उजेडावरच माझं पोट आहे, त्याच्याशी माझं वैर असण्याचं कारण नाही. पण उजेड कुठे हवा आणि कुठे नको हे कळायला फोटोग्राफर असावं लागत नाही, डोकं असावं लागतं. तिथेच गाडी अडते.

गावाबाहेर मारुतीच्या देवळाला लागून माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, भाजीचं वावर आहे. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात मी तिथे दुर्बीण लावतो. दुर्बीण म्हणजे हातभर नळी, आणि ताऱ्यांच्या चालीनं तिला हळूहळू फिरवणारी खाली एक मोटर. नळीच्या बुडाला लग्नांतून निवृत्त केलेला कॅमेरा. त्याच्या आतली, लाल रंग अडवणारी काच मी काढून घेतली आहे. आता त्यानं नवरीचा फोटो काढला तर ती टमाट्यासारखी येईल आणि तिचा बाप मला मांडवाबाहेर काढील. पण आभाळात जो लाल वायू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो त्याला दिसतो.

मला एकच फोटो हवा होता. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एकाला लागून त्या लाल वायूचा पडदा आहे. पडद्यापुढे धुळीचा एक काळा ढग उभा आहे, थेट घोड्याच्या डोक्यासारखा. तो चमकत नाही. तो निव्वळ अंधार आहे, मागे लाल आहे म्हणून दिसतो. एकाच जागेचे ढीगभर फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे घोडा वर येतो. दोन हिवाळे खपल्यावर माझ्या घोड्याला मान आली, तोंड आलं. आयाळीची कड तेवढी अजून पिठूळ होती. तिच्यासाठी आणखी एक काळाकुट्ट हिवाळा हवा होता, बाकी काही नको होतं.

गावकऱ्यांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "नेटवर तं भेटते हे सारं. मंग काहून थंडीत मरून राह्यला?" नेटवर लग्नांचेही फोटो भेटतात. तरी हे लोक स्वतःचं लग्न करतात आणि वर मला बोलावतात.

आणि नेमकं त्याच वर्षी देवळापाशी हायमास्ट मंजूर झाला. मंजूर करून आणणारे गावचे पुढारी. सारा गाव त्यांना भाऊ म्हणतो, मीही म्हणतो. मी घोड्याचा फोटो मोठा छापून, चौकट करून त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, एकदा डोळ्यांनी पाहतील तर कळेल.

"भाऊ, खांब देवळाच्या तिकडल्या अंगाले घ्या. नाई तं दिव्याले वरून टोप तरी बसवा. उजेड खाली पडन, आभायात नाई जानार."

भाऊंनी फोटो उलटा धरला, मग सुलटा केला.

"रंग लय झकास हाय राजेहो. पन मधात हे कायंकुट्ट काय होय? डाग पडला वाट्टे."

"डाग नाई भाऊ. थेच तं हाय. बाकी सारं त्याच्यासाठी."

"असं का? राहू द्या मंग माह्यापाशी."

"अन् खांबाचं?"

"पाहू ना."

आमच्याकडे 'पाहू' म्हणजे 'नाही' हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी मात्र हरखून घरी आलो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्घाटनाच्या दिवशी खांबाला टेकून दोन माणसं उंच फ्लेक्स उभा होता. त्यावर माझं आभाळ, माझा लाल पडदा, माझे दोन हिवाळे. घोडा नव्हता. घोड्याच्या जागी काळा गॉगल लावलेले भाऊ होते. फ्लेक्सवाला माझ्याजवळ शाबासकी घ्यायला आला.

"डाग पुरा साफ करून टाकला. त्या जागेवर भाऊचा फोटो कसा बराबर बसला, पाहा!"

संतापानं मी मान हलवत राहिलो. त्यानं ती मान्यता समजून पेढा दिला.

दिवे लागले. आमचं वावर लग्नाच्या हॉलसारखं झालं. मी दुर्बीण लावली तर प्रत्येक फोटो ताकासारखा पांढरा. दादा बांधावर उभा राहून सगळं बघत होता.

"वांगे आता रातीही दिसून राह्यले," तो म्हणाला. "पन पाहाले कोन येऊन राह्यलं?"

फ्लेक्सचं आमच्याकडे ठरलेलं आहे. कार्यक्रम आटोपला की जो आधी सोडील त्याचा. मग तो गंजीवर, गोठ्यावर, मोटरीच्या खोलीवर पडतो. निम्म्या तालुक्याच्या कुटार-भुशावर कोणी ना कोणी पुढारी हात जोडून पालथा पडलेला असतो. हा फ्लेक्स दादानं आणला, मेथी झाकायला. तो बांधावर उलटा पसरला तेव्हा मी पाहिलं: पाठ काळी, जाड, उन्हाची तिरीपही आरपार जात नव्हती.

"दादा, मेथीले दुसरं काही पाहाय. हा मले दे."

दादानं कायले म्हणून विचारलं नाही. दोडक्याच्या मांडवाचे दोन वेळू उपटून आणले. आम्ही वावराच्या देवळाकडल्या बाजूला फ्लेक्स ताणून बांधला, भाऊंचं तोंड हायमास्टकडे आणि काळी पाठ दुर्बिणीकडे. दादा पलीकडे जाऊन बघून आला.

"उजेडात भाऊ लय खुलून दिसून राह्यला," म्हणाला.

अलीकडे दुर्बिणीवर गच्च सावली पडली होती. आभाळ पहिल्यासारखं काळं नव्हतं, पण निभलं. हिवाळा सरता सरता घोड्याची आयाळ आली, कड स्वच्छ.

भाऊंचा गावाला झालेला हा पहिला उपयोग. त्यांना सांगायला मी गेलो नाही. हाही फोटो ठेवून घेतील.