टेपचं दुसरं टोक

मस्तगडातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक सुतारमिस्त्री नेहमी येतात. कानामागे पेन्सिल, बोलणं मोजकं. माझ्या घराची दारं त्यांनीच बसवली. तेव्हा त्यांच्या टेपचं लॉक मोडकंच होतं, पण त्यांचं काही अडत नव्हतं. बायको कायम सोबत. ते विचारायचे, "धरलं का?" दुसऱ्या टोकाला बसलेली ती म्हणायची, "धरलं."

परवा एकटेच आले. "लॉकवाला टेप दाखवा. बराबर पकडणारा पाह्यजे. ती पुण्याला गेली ना, नातू सांभाळायला. मंग टोक कोन धरणार?"

मी चार टेप पुढं ठेवले. ते पट्टी लांब ओढायचे, लॉक दाबायचे, हात सोडायचे. पट्टी मागं सरकली की तो टेप बाजूला. चौथ्याचं लॉक पक्कं निघालं. त्याचा हूक त्यांनी काउंटरच्या कडेला अडकवला, मागं सरकले आणि सवयीनं बोलून गेले, "धरलं का?"

मी हुकावर बोट ठेवलं. "धरलं."

त्यांनी लॉक दाबलंच नाही. तीन फूट दोन सूत भरलं.

"सोडू नका," ते म्हणाले, "अजून एकदा मापतो."