धुऱ्यावरचा निंब

चैत्रात कुठेही निंब फुलला की त्या वासाने अजून माझ्या हातातलं काम थांबतं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, तेव्हा धुऱ्याच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाच्या भांडणात सासऱ्यांनी मला वाशीमच्या कोर्टात उभं केलं, कारण वावरात रोज भाकर मीच न्यायची. "निंब आपला हाये, इतकंच सांगजो," ते म्हणाले. निंब शेजाऱ्याच्या हद्दीत होता. शपथ घेऊन मी तो आमचा सांगितला. शेजाऱ्याच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "बाई, त्या निंबाच्या सावलीत जेवते कोण?" "आमीच," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते खाली बसले. आम्ही जिंकलो, आणि पुन्हा मोजणीची भानगड नको म्हणून सासऱ्यांनी निंबच तोडून टाकला. पुढे ते वकील निवडून आले, मंत्री झाले. जऊळक्याच्या स्टेशनावर ते उतरणार होते, तर पाटलाची सून म्हणून ओवाळायला मलाच पुढे केलं. गाडीतून ते खाली उतरले. मागे पोलीस, भोवती सारं गाव, आणि माझ्या हातातलं तबक खडखडत होतं. ओळखलं तर इथेच सगळं बोलतील, ही धास्ती होती. कुंकवाचं बोट कपाळाशी नेलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "काहून थरथरून राह्यली बाई? त्या निंबाची सावली हाये ना अजून?" "हाये जी," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. आज सासरे नाहीत, मंत्रीही नाहीत. कोर्टातलं खोटं मला सासऱ्यांनी पढवलं होतं. स्टेशनावरचं मात्र माझं स्वतःचं होतं.