जाण्याआधीची माफी

बोरी अरबच्या बसस्टँडमागे जफरचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली मोटार जळाली की माणूस ती खांद्यावर घालून आधी जफरकडे येतो, मग घरी जाऊन जेवतो. मोटारीचा पार कोळसा झालेला असतो, तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं, हे जफरला बाहेरूनच कळतं. पण तो झाकण उघडतो, आत बोट फिरवतो आणि म्हणतो, "होऊन जाईन." समोरच्याचं उतरलेलं तोंड त्याला बघवत नाही, एवढीच त्याची अडचण. मग तो रात्रीचा दिवस करून त्या मढ्यात जीव घालत बसतो. गिऱ्हाईक खूश आणि घरातली माणसं वैतागलेली, असा त्याचा संसार. बायको नसरीन म्हणते, "तुमच्यापक्षा त्या मोटारी बऱ्या. जयाल्या तं वास तरी येते."

अशा माणसाच्या नशिबात जहाज आलं. मोटारपंपाच्या एका कंपनीनं मिस्त्री लोकांसाठी बक्षीस ठेवलं होतं आणि त्यात जफरचं नाव निघालं. मुंबईहून गोव्याला जाणारं मोठं जहाज, नवरा-बायको आणि दोन लेकरं, खाणंपिणं सगळं फुकट. नसरीन लग्नानंतर उमरखेडच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिनं ती बातमी दोनदा ऐकली आणि मग चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे काय, गावात ज्याला जे सुचेल ते. समुद्रावर लेकरं ओकतात असं नसरीननं मोबाईलवर पाहिलं, तर तिनं अंगणातल्या लिंबाला झोका बांधला आणि रोज संध्याकाळी दोघांना सवय व्हावी म्हणून झुलवायला घेतलं. फिजा दुसरीत, धाकटा मुजफ्फर अजून शाळेतही न जाणारा. दोघं खिदळत झुलायची. एके दिवशी जफरलाही बसवलं, आणि ओकला तो पहिला. शेजारचे भगवानराव ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घेऊन आले, "राहू दे सोबत, बुडतीवेळी कंपनी थोडी येईन धावून?" जहाजावर जेवण मिळतं ही गोष्ट तर मोहल्ल्यात कुणालाच पटेना. त्यामुळे चिवडा, खुरमे आणि लोणच्याची बरणी, अशी एक बॅग नुसत्या खाण्याचीच झाली.

जफर मात्र मनातून घाबरला होता. जन्म विहिरींच्या काठावर गेला, पण त्याला पोहता येत नाही. अडाण नदीला पूर आला की सगळं गाव पुलावर बघायला जातं, हा दुकानात बसतो. आता समुद्रात दोन लेकरं घेऊन जायचं या विचारानं त्याची झोप उडाली. आणि त्या भीतीच्या भरात त्यानं ती चूक केली.

एका सकाळी तो आईच्या खाटेपाशी जाऊन बसला. त्याची आई जैबुनबी म्हातारी, गुडघ्यांनी थकलेली. अलीकडे तिचं विसरणं वाढलं होतं. कधी मेलेल्या नवऱ्यासाठी चहा ठेवायला सांगायची, कधी फिजाला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वयाचं आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. तर जफर तिच्या पायाला हात लावून म्हणाला, "अम्मी, आमी जहाजावर चाललो. काही बोललो-चाललो असन तं माफ करजो."

आता गोव्याला जाणाऱ्या माणसानं माफी मागायचं काही कारण होतं का? काही नव्हतं. पण जफरनं लहानपणापासून जे ऐकलं होतं ते असं: पाण्यावरून जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांची माफी मागतो. ऐकलं होतं ते खरं होतं, फक्त ते हजचं होतं. जैबुनबी नवी नवरी असताना तिचा सासरा मुंबईहून जहाजानं हजला गेला होता. जाण्याआधी महिनाभर म्हातारा घरोघरी फिरला, ज्यांच्याशी वैर होतं त्यांच्याही दारात गेला, आणि अख्खं गाव बैलगाड्या जुंपून त्याला दारव्ह्याच्या स्टेशनापर्यंत पोचवायला गेलं. तेव्हापासून त्या घरातून जहाजावर कुणी गेलं नाही. जैबुनबीच्या नवऱ्याचंही जायचं जायचं म्हणता राहून गेलं.

म्हातारीनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "माफ केलं रे बाप्पा," ती म्हणाली, आणि दाराकडे बघायला लागली. मग हळूच विचारलं, "बंबईहून निंगते ना जहाज?"

"हो, बंबईहून."

"मंग मलेबी फिरा लागन आता सगळ्याईच्या घरी."

जफरला दुकानाची घाई होती. त्यानं नुसतं हो म्हटलं आणि निघाला.

दोन-तीन दिवसांनी विजयमालाकाकू दुकानात आली. ही भगवानरावांची बायको. जैबुनबीच्या शेळीनं एकदा हिचा मेथीचा वाफा साफ केला होता, तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. मधल्या काळात ती शेळी मेली, तिची करडं मोठी झाली, दोन्ही घरांतली माणसं एकमेकांकडे जेवली, पण या दोघी रस्त्यात दिसल्या की तोंडं फिरवायच्या. ती विजयमालाकाकू आज पदरानं डोळे पुसत उभी होती.

"जफर, तुही माय आलती रे घरी. काठी टेकत टेकत. म्हने, विजये, तुह्या मेथीचं माफ कर, मी हजले चालली. मह्या गळ्यात पडून रडली ते. कायची मेथी न् कायचं काय! मलेच लाज वाटली."

जफरच्या हातातला पाना खाली पडला.

"तू लय पुण्याचं काम करून राह्यला," काकू म्हणाली. "मायले घेऊन चालला. आमच्यासाठीबी दुआ मांगजा म्हनलं मी तिले."

याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. काकू, तसं नाही, आम्ही गोव्याला चाललो, मजेसाठी चाललो, एवढंच. पण काकूचा चेहरा इतका उजळलेला होता की जफर पाना उचलायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

घरी गेला तर म्हातारी उन्हात बसून पांढऱ्या लुगड्याला टाके घालत होती. शेजारी तिचं बोचकं. तिनं आणखी दोन घरं करून घेतली होती आणि दम लागला म्हणून परतली होती. जफर समोर बसला.

"अम्मी, जहाज हजले नाई जात."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "जहाज जिद्द्यापर्यंतच जाते. तठून पुढं मोटार लागते. तुह्या दादानं, मह्या सासऱ्यानं सांगतलंतं."

तिचे डोळे इतके स्वच्छ होते की कितीतरी दिवसांत जफरनं ते तसे पाहिले नव्हते. ती कुणाला चुकीच्या नावानं हाक मारत नव्हती. चहा मेलेल्या माणसासाठी मागत नव्हती. आपण कोण, कुठं चाललो, कुणाकुणाला दुखवलं, सगळं तिला नीट आठवत होतं. एकच गोष्ट तेवढी खोटी होती. जफर उठून आत गेला.

फिजानंही प्रयत्न केला. लेकरांना खरं बोलायला काही लागत नाही. "दादी, आपन गोव्याले चाललो, हजले नाई," ती म्हणाली. दादी हसली, "असन ना. जहाज मधात थांबते कुठी कुठी."

नसरीननं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुमी सांगा त्याईले. सोडून जावं लागन आपल्याले. जिना चढवत नाई त्याईच्यानं, जहाजावर काय करतीन?"

"सांगतो ना."

"कवा? बॅगा भरल्यावर?" मग तीच म्हणाली, "नाईतर नका जाऊ. राहू द्या."

तिनं लेकरांचे नवे कपडे बॅगेतून काढून पलंगावर ठेवले. थोड्या वेळानं जफरनं पाहिलं तर ते पुन्हा बॅगेत गेले होते, जास्त नीट घड्या घालून. तिला जायचं होतं. तिला समुद्र बघायचा होता आणि त्यात तिची काही चूक नव्हती. जफरला वाटलं, कुणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं.

त्यानं कंपनीच्या माणसाला फोन केला. एक म्हातारं माणूस वाढवता येईल का? माणूस बिचारा गोड बोलला, पण नावं पुढं गेली होती आणि खोली चौघांचीच होती. मग जफरनं मशिदीतल्या मौलानासाहेबांना गाठलं. तुम्ही सांगितलं तर अम्मी ऐकेल, म्हणाला. मौलाना घरी आले. म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला, त्यांना चहा पाजला आणि सासरा कसा गेला होता ते सगळं सांगितलं. मौलाना ऐकत राहिले. उठताना त्यांनी घसा साफ केला. जफर दाराशी उभा.

"अम्माजी, दुआ में याद रखना," मौलाना म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

तोपर्यंत गावाला खरी गोष्ट कळली होती. गाव म्हणजे काही आंधळं नसतं. पण कळूनही कुणी बोललं नाही. उलट येणाऱ्यांची रीघ वाढली. कुणी नातवाच्या नोकरीसाठी दुआ सांगून गेलं, कुणी पोरीच्या लग्नासाठी. विजयमालाकाकूनं मेथीचे ठेपले बांधून आणले, वाटेत खायला म्हणून, आणि दोघी म्हाताऱ्या उन्हात बसून गप्पा मारू लागल्या. जफर येता-जाता बघायचा. दोघींचं हसणं ऐकून त्याला भडभडून यायचं. दुकानात तर त्याच्या हातून चुकीच्या तारा गुंडाळल्या जायला लागल्या.

जाण्याच्या दिवशी सकाळी जफरची मोठी बहीण मारेगावहून आली. अम्मीजवळ राहायला तिलाच बोलावलं होतं. दारात बडनेऱ्याच्या रेल्वे स्टेशनावर जाणारी भाड्याची गाडी उभी राहिली. लेकरं आधीच खिडक्या धरून बसली. नसरीन बॅगा मोजत होती आणि मोजणं विसरत होती. मोहल्ला दारासमोर गोळा झाला होता. आणि जैबुनबी पांढरं लुगडं नेसून, बोचकं मांडीवर घेऊन, ओट्यावर बसली होती.

"जफर," तिनं हाक मारली. "अठी ये. तुहीच राह्यली."

"काय, अम्मी?"

"माफी. सगळ्याईची मांगतली, तुहीच राह्यली." तिनं त्याचा हात धरला. "तुहे अब्बा गेले तवा मी तुले शाळेतून काढलं. तू रडत होता. मास्तर घरी आल्ते सांगायले, पोरगं हुशार हाय. मी त्याईलेबी बोलली. दुकानात बसवलं तुले. माफ कर बाबू."

सगळे ऐकत होते. रिवाजाप्रमाणे त्यानं म्हणायला हवं होतं, आणि त्यानं म्हटलं, "माफ केलं, अम्मी." म्हणताना त्याला कळलं की त्यानं हे फार पूर्वीच केलं होतं, फक्त तिनं कधी मागितलं नव्हतं. तो तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. लोकांना वाटलं, निघताना माणूस रडतोच.

म्हातारी समाधानानं उठली. काठी घेतली आणि गाडीकडे निघाली.

 आता बोलायचं. आता नाही तर कधीच नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी बहीण पुढं झाली.

"अम्मी, ह्या गाडीत जागा नाई. लेकरं हायेत, बॅगा हायेत. तुही गाडी हिच्या मांगून येते."

 विजयमालाकाकूनं दुसरीकडे पाहिलं. मौलानासाहेब जमिनीकडे बघत होते. जैबुनबी थबकली. तिनं गाडीत वाकून पाहिलं, बॅगा पाहिल्या, नातवंडं पाहिली.

"बरं," ती म्हणाली. "लेकरं जाऊ द्या पयले. मी येतो मांगून."

तिनं लेकरांचे मुके घेतले. नसरीन मान वर करत नव्हती. जफर पुढं ड्रायव्हरजवळ बसला. गाडी सुरू झाली, जरा सरकली, आणि म्हातारीनं काठी उचलून थांबवली. काच खाली करायला लावली. तिचा सुरकुतलेला हात आत आला आणि जफरच्या गालावर थांबला.

"जफर, मनात कोनाचं काही ठेवून जाऊ नाई," ती म्हणाली. "कोनाले फसवलं-दुखवलं असन तं आताच सांग. गाडी थांबते. पयले जाऊन माफी मांगून ये."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.  आई उत्तराची वाट बघत खिडकीशी उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती.

"नाई, अम्मी," जफर म्हणाला. "कोनालेच नाई."